घरी इंटरनेट घेताना : कोणती जोडणी कुणाच्या सोयीची?



उसाची लागण करताना आपण आधी रान बघतो, पाणी बघतो आणि मगच बेण्याची जात ठरवतो. शेजाऱ्याच्या निचऱ्याच्या काळ्या रानात ८६०३२ जोमदार आला म्हणून आपल्या चोपण रानातही तोच लावावा, असे कोणी जाणता शेतकरी म्हणणार नाही. तिथे २६५ बरा, हे सर्वांना ठाऊक आहे. घरी इंटरनेटची जोडणी घेताना मात्र हे शहाणपण आपण बांधावरच ठेवून येतो. जाहिरातीत मोठा आकडा दिसला, नाहीतर पाहुण्याने घेतली, म्हणून आपणही घेतली असे होते. मग पाऊस आला की बंद, संध्याकाळ झाली की मंद, आणि बिल मात्र वेळच्या वेळी!

हा खर्च किरकोळ नाही. समजा, महिन्याला ४९९ रुपयांची योजना घेतली. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ५८९ रुपये होतात. वर्षाचे झाले ७,०६६ रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला केंद्र सरकारने जाहीर केलेली एफआरपी टनाला ३,५५० रुपये आहे. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते. म्हणजे वर्षाला दोन टनांहून जास्त ऊस या एका जोडणीपायी जातो. एवढा ऊस द्यायचा तर माल पारखूनच घेतला पाहिजे.

आणि घेतल्याशिवाय आता भागतही नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी मोबाईलवर आली. सातबारा, पीकविम्याचा अर्ज, बँकेचा व्यवहार, मुलांचे प्रवेश-अर्ज आणि परीक्षेचे निकाल, सगळे त्याच वाटेने येते-जाते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी जोडणी बंद पडली तर नुकसान कंपनीचे होत नाही, आपले होते. यास्तव प्रस्तुत लेखात जोडण्यांचे प्रकार, त्यांचे गुण-दोष आणि निवडीची रीत सांगण्याचे योजले आहे.

धरणापासून पोटचारीपर्यंत

इंटरनेट समजायला कालव्यासारखा सोपा दाखला नाही. धरणातून मुख्य कालवा, त्यातून वितरिका, मग चारी, मग पोटचारी आणि शेवटी आपली सरी. इंटरनेटचेही तसेच आहे. समुद्राच्या तळातून आलेल्या काचतंतूंच्या केबली मुंबई, चेन्नई अशा ठिकाणी जमिनीवर येतात. तिथून महामार्ग आणि रेल्वेच्या कडेने टाकलेल्या केबलींतून माहिती जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी पोहोचते. इथवरची वाट बहुतेक सर्व कंपन्यांची सारखीच, म्हणजे काचतंतूची.

फरक पडतो तो पोटचारीत. तालुक्याच्या गावापासून किंवा जवळच्या टॉवरपासून आपल्या उंबऱ्यापर्यंतचा शेवटचा तुकडा कशाचा आहे? तांब्याच्या तारेचा, टीव्हीच्या केबलचा, काचतंतूचा, की हवेतून येणाऱ्या लहरींचा? घरगुती इंटरनेटचे जे प्रकार म्हणतात ते या पोटचारीचेच प्रकार होत. आणि टेलच्या शेतकऱ्याचे दुखणे इथेही आहेच. चारी कितीही भरून वाहो, वरची सगळी घरे एकदम ओढू लागली की टेलला पाणी कमी.

आकड्याचा अर्थ

जाहिरातीत '१०० एमबीपीएस' असे लिहिलेले असते. त्यातले 'बी' म्हणजे बिट. आपल्या मोबाईलमधील फोटो, फिल्म यांचे माप मात्र बाइटमध्ये असते, आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. तेव्हा १०० एमबीपीएसला सेकंदाला फार तर साडेबारा एमबी उतरते. हे ठाऊक नसले की 'शंभराचे सांगितले आणि बाराच मिळते' असा नाहक गैरसमज होतो.

आता गरज किती? मुलाचा व्हिडिओवरचा तास चालायला साधारण ३ ते ४ एमबीपीएस लागतात. टीव्हीवर स्वच्छ चित्राला ५ पुरतात. समजा घरात दोन मुले एकाच वेळी शिकताहेत, टीव्ही सुरू आहे आणि दोघातिघांच्या हातात मोबाईल आहेत, तरी बेरीज १५ ते २० च्या पुढे जात नाही. म्हणून साध्या शेतकरी कुटुंबाला ३० ते ४० ची *खात्रीची* जोडणी भरपूर झाली. ३०० चा आकडा घेऊन तो रात्री आठला ५ वर येत असेल, तर काय उपयोग? अंथरूण पाहून पाय पसरावे, ते इथेही खरे.

आणखी एक गोष्ट बघावी. इंटरनेटला आवक आहे तशी जावकही आहे. आपण फोटो पाठवतो, अर्जाला कागद जोडतो, व्हिडिओवर बोलतो, ती जावक. काही प्रकारांत आवक मोठी आणि जावक अगदी चिंचोळी असते. सबब दोन्ही आकडे विचारावेत.

प्रकार पहिला : टेलिफोनची तांब्याची तार

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तेव्हा टेलिफोनवरून नंबर फिरवून ते घ्यावे लागे, आणि ते चालू असताना फोन लागत नसे. पुढे या पद्धतीचा वेग फार तर ५६ केबीपीएसपर्यंत गेला. त्या वेगाने आजचा ५ एमबीचा एक फोटो यायला बारा मिनिटे लागली असती. २००५ सालापासून बीएसएनएलने त्याच तारेवर ब्रॉडबँड देण्यास सुरुवात केली. फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर एकाच वेळी चालू लागले. खेड्यापाड्यांत घरगुती ब्रॉडबँड पोहोचले ते बव्हंशी या तारेने, हे तिचे उपकार.

पण तांब्याचा स्वभाव असा, की अंतर वाढले की जोर मरतो. एक्स्चेंजजवळच्या घराला वीसच्या आसपास वेग मिळे, तर चार-पाच किलोमीटरवरच्या वस्तीला एक-दोन मिळणेही मुश्किल. शिवाय पावसात सांध्यांत पाणी शिरते, तांब्याची चोरी होते आणि वीज कडाडली की तारेवाटे मोडेम जळतो. आता कंपन्या तांबे काढून काचतंतू टाकीत आहेत. कुणी नव्याने तांब्याची जोडणी देऊ लागला तर घेऊ नये.

प्रकार दुसरा : टीव्हीची केबल

शहरांत आणि तालुक्याच्या गावी केबल टीव्हीची जाड काळी तार घरात येते. तिच्यातूनही इंटरनेट देता येते. तांब्याच्या फोनतारेपेक्षा हिची ताकद पुष्कळ जास्त. दोष एवढाच, की एका तारेवर सगळी गल्ली असते. रात्री जेवणानंतर सगळ्यांनी टीव्ही लावले की वेग घसरतो, आणि जावकीचा वेग मुळातच कमी असतो. आज आपल्याकडे बरेच केबलवाले स्वतःच काचतंतूकडे वळले आहेत. तेव्हा 'केबलवाल्याचे नेट' म्हणजे नक्की कोणत्या तारेचे, हे विचारून घ्यावे.

प्रकार तिसरा : काचतंतू, अर्थात फायबर

हा आजचा सर्वांत उत्तम प्रकार. केसाएवढ्या जाडीचा काचेचा तंतू, आणि त्यातून डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे इशारे. अंतराने याचा जोर फारसा मरत नाही. वीस किलोमीटरपर्यंत मध्ये वीज न लावता तो चालतो. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे तंतूवाटे विजेचा लोळ घरात येण्याची भीती नाही. (खोक्याच्या विजेच्या जोडणीतून मात्र येऊ शकतो. गडगडाट सुरू झाला की पिन काढून ठेवावी.)

एका मुख्य तंतूवर बहुधा ३२ किंवा ६४ घरे जोडतात. नेहमीच्या पद्धतीत त्या तंतूची आवकीची क्षमता सुमारे २,५०० एमबीपीएस असते. ती ६४ घरांनी एकाच क्षणी ओढली, तरी घरटी ३९ वाट्याला येतात, आणि असे क्वचितच होते. म्हणजे पोटचारी पुरेशी रुंद आहे. तरीही संध्याकाळी वेग पडत असेल, तर स्थानिक केबलवाल्याने *मागची* चारी अरुंद घेतली आहे असे समजावे आणि त्याला तसे स्पष्ट विचारावे.

फायबरचे खरे शत्रू आपल्याच शिवारात आहेत. एक, चारी काढणारा जेसीबी. दुसरा, पाचटाला लावलेली काडी. खांबावरून किंवा बांधाने गेलेली केबल त्या आगीत वितळते आणि अख्खी वस्ती तीन-चार दिवस बंद. पाचट जाळू नये हे जमिनीसाठी आपण सांगतोच, आता हे आणखी एक कारण. तिसरा शत्रू म्हणजे शिगेला भरलेली उसाची ट्रॉली. रस्त्यावरून खाली लोंबणारी केबल ती ओढून नेते. जोडणी घेताना रस्ता ओलांडणारी तार उंच बांधून घ्यावी, आणि ती हंगामापूर्वीच. तुटलेल्या तंतूच्या टोकात डोळा लावून बघू नये, काचेचे बारीक तुकडे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. घरच्या खोक्यावर तांबडा दिवा लागला तर बहुधा बाहेर तंतू तुटला आहे. खोके पुन्हा पुन्हा बंद-चालू करण्यात वेळ न घालवता तक्रार नोंदवावी.

प्रकार चौथा : मोबाईलचा टॉवर

२०१६ नंतर ४जी स्वस्त झाले आणि बहुतेकांच्या घरी इंटरनेट आले ते मोबाईलमधूनच. १ ऑक्टोबर २०२२ पासून देशात ५जी सुरू झाले. पाठोपाठ २०२३ मध्ये एअरटेल व जिओ या कंपन्यांनी 'एअरफायबर' नावाची घरगुती जोडणी आणली. छपरावर एक लहान पेटी बसवतात. ती टॉवरकडून लहरी घेते आणि घरातल्या खोक्याला देते.

नावात फायबर आहे म्हणून फसू नये. घराला येणारी वाट हवेची आहे. हिचा मोठा गुण असा, की खड्डा नको, खांब नको, केबल नको; एका दिवसात काम होते. मळ्यातल्या एकट्या घराला हा मोठाच आधार. दोष असा, की टॉवर गावाचा सामाईक. जत्रेच्या दिवशी किंवा रोज संध्याकाळी गर्दी झाली की सर्वांचाच वेग उतरतो. टॉवर दूर असेल, मध्ये आमराई किंवा टेकडी असेल तर पेटी नीट काम करीत नाही. जोडणीआधी छपरावर चढून, ज्या कंपनीची जोडणी घ्यायची तिच्याच सिमने संध्याकाळी वेग मोजून पाहावा.

याच जातीचा एक जुना प्रकार आहे. काही स्थानिक चालक उंच मनोऱ्यावर रेडिओ लावून समोरच्या घरावरच्या तबकडीला इंटरनेट देतात. यात दोन्ही टोके एकमेकांना उघडी दिसली पाहिजेत. मध्ये नारळाचे झाड वाढले तरी अडथळा होतो.

प्रकार पाचवा : उपग्रह

उपग्रहाची आपल्याला अगदीच नवलाई नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी येथे परदेशी संपर्कासाठी उपग्रह केंद्र उभे राहिले, त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. तिथला उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा. इतक्या उंचीवर जाऊन-येऊन उत्तर मिळायला जवळपास अर्धा सेकंद लागतो. म्हणजे चारी रुंद असली तरी पाणी पोहोचायलाच वेळ, आणि व्हिडिओवर बोलताना तो जाणवतो. नव्या पद्धतीत सुमारे ५५० किलोमीटरवरून फिरणारे हजारो छोटे उपग्रह असतात, त्यामुळे विलंब पुष्कळ कमी होतो. अशा सेवेसाठी स्टारलिंक कंपनीला केंद्राच्या दूरसंचार विभागाने जून २०२५ मध्ये परवाना दिला. तबकडीला उघडे आकाश लागते आणि मुसळधार पावसात वेग पडतो. डोंगरकपारीत, जिथे ना केबल ना टॉवर, तिथे याचा विचार करावा. गावठाणात राहणाऱ्याने यामागे लागण्याचे कारण नाही.

वारणेचा धडा

जोडणी कामाप्रमाणे हवी, याचा उत्तम दाखला आपल्याच ऊसपट्ट्यात आहे. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगर येथे १९९८ मध्ये शासनाच्या मदतीने वारणा परिसरातील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. गावोगावी संगणक केंद्रे आली. पुढे अनुभव असा आला, की केंद्रांवरचे मुख्य काम म्हणजे उसाची नोंद, वजन, खताचा हिशेब अशा चार आकड्यांची देवाण-घेवाण. त्यासाठी संगणक सांभाळणे महाग पडे. २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवर तेच काम करून पाहिले. ते झाले, आणि स्वस्तात झाले.

यातून घ्यायचे ते हे : चार आकडे पाठवायला मोठी चारी लागत नाही. बारामतीच्या अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उसात हवामान आणि ओलाव्याची यंत्रे लावून प्रयोग चालवले आहेत. अशा यंत्राकडून जाणारी माहिती अगदी थोडी असते. विहिरीवरच्या मोटारीचे मोबाईल स्टार्टर तर एका स्वस्त सिमवर चालते. तेव्हा रानातल्या यंत्रासाठी फायबर ओढू नये, आणि घरातल्या दोन मुलांच्या अभ्यासाला एका सिमवर ठेवू नये.

मग कुणी काय घ्यावे?

१) गावठाणात फायबर आले असेल तर डोळे झाकून फायबर. वेगाची सर्वांत लहान योजना घ्यावी. पुरली नाही तर वाढवता येते.

२) मळ्यात, गावापासून एक-दोन किलोमीटरवर घर असेल, तर आधी टॉवरच्या जोडणीची छपरावर परीक्षा करावी. शेजारची सात-आठ घरे एकत्र येत असतील तर फायबरची मागणी करावी.

३) घरात एक-दोनच माणसे आणि वापर फोनपुरता असेल, तर मोबाईलचे रिचार्ज पुरे. वेगळी जोडणी घेऊन पैसे घालवू नयेत.

४) घरातून कुणी नोकरीचे काम करीत असेल, तर फायबरच्या जोडीला *दुसऱ्या* कंपनीचे एक सिम तयार ठेवावे.

वीज आणि वाय-फाय

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे. इंटरनेट खोक्यापर्यंत येते. खोक्यापासून मोबाईलपर्यंतची शेवटची सरी म्हणजे वाय-फाय. दगडी भिंत, पत्र्याचे छप्पर, लोखंडी कपाट यांनी ते अडते. खोके कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे न ठेवता घराच्या मधोमध उंचावर ठेवावे. वेग कमी वाटला तर आधी खोक्यापाशी उभे राहून मोजावा. तिथे ठीक असेल तर दोष कंपनीचा नाही.

वीज गेली की खोके बंद पडते. ते खाते दहा-पंधरा वॅट. त्यासाठी इन्व्हर्टरची गरज नाही; छोटी बॅटरी असलेला डीसी यूपीएस मिळतो, तो दोन-चार तास काढतो. पण केबलवाल्याच्या टोकालाही बॅकअप आहे का, हे विचारावे. नाहीतर आपला दिवा चालू आणि त्याचा बंद!

पैसे देण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१) घरापर्यंतचा शेवटचा तुकडा कशाचा?

२) आवक किती, जावक किती?

३) महिन्याला किती जीबीनंतर वेग कमी होतो आणि किती होतो? 'अमर्याद' शब्दावर जाऊ नये.

४) जीएसटी, बसवणी, अनामत धरून एकूण किती? खोके कुणाच्या मालकीचे?

५) दुरुस्तीचा माणूस कोणत्या गावी असतो, किती तासांत येतो?

पहिल्याच दिवशी वर्षाचे पैसे भरू नयेत. एक-दोन महिने, त्यातही पावसाचा एखादा महिना, पाहून मग सवलतीची लांब मुदत घ्यावी. पावती घ्यावीच. तक्रार केली की तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. निवारण झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनामूल्य अपील करता येते. ट्राय ही संस्था एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवीत नाही, म्हणून हा क्रमांकच आपले हत्यार.

गाव करील ते राव काय करील

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. एका मळ्यासाठी दोन किलोमीटर केबल टाकायला कोणीही तयार होत नाही. दहा घरांसाठी मात्र हिशेब बसतो. केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना मंजूर केली, तीच पुढे भारतनेट झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित कार्यक्रमाला सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची मंजुरी मिळाली, आणि त्यात ग्रामपंचायतीखालच्या गावांना मागणीप्रमाणे जोडण्याची तरतूद आहे. घरगुती जोडण्या स्थानिक उद्योजकांमार्फत देण्याची व्यवस्थाही त्यात आहे.

म्हणजे वितरिका पुष्कळ ठिकाणी ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत आलेली आहे. पोटचारी काढायची राहिली आहे. आपल्या ग्रामपंचायतीत फायबर आले आहे का, ते चालू आहे का की कपाटात खोके धूळ खात पडले आहे, हे ग्रामसभेत विचारावे. वस्तीतील इच्छुक घरांची यादी करून, सह्या घेऊन, बीएसएनएलकडे आणि गावच्या केबलवाल्याकडे एकाच वेळी द्यावी. ज्याचा दर आणि दुरुस्तीची हमी चांगली, त्याला काम द्यावे. उपसा सिंचनाची पाइपलाइन आपण अशीच दहा जणांनी मिळून टाकली आहे. ही चारीही तशीच काढता येईल.